वेळासची कासवं आणि चिपळूणचे निसर्गमित्र

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा सोसायटीचा इतिहास, पाण्याच्या टाकीचा इतिहास आणि गणेशोत्सवाचा इतिहास हे तिन्ही विषय आधीच वाटून झाले होते. मग मी म्हटलं, आपल्याच वयाच्या एका वेगळ्या कामाचा इतिहास लिहितो. आपल्या सोसायटीची नोंदणी २००१ ची. कोकणात वेळास गावी समुद्री कासवांची अंडी राखायचं काम सुरू झालं ते २००२ मध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा वर्षभराने धाकटं. आपल्या ज्येष्ठ नागरिक गटाची सहल काही वर्षांपूर्वी तिथे गेली होती, त्यातल्या मंडळींना हे गाव आठवत असेल. कासवांचे फोटो तर सगळ्यांच्याच मोबाईलमध्ये आहेत. पण ते काम कुणी सुरू केलं, कसं टिकलं, हे सहलीत कुणी फारसं विचारलं नाही. मला बँकेतल्या सवयीमुळे अशा गोष्टींत जास्त रस. संस्था कुठलीही असो, पहिला उत्साह ओसरल्यावर तिचं काय झालं हे मी आधी बघतो.

वेळास रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, अगदी उत्तर टोकाला आहे. सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते तिथे अलीकडे बाणकोट आणि खाडीच्या पलीकडे रायगड जिल्ह्यातलं हरिहरेश्वर. बाणकोटचा किल्ला ओलांडून पुढे गेलं की नारळी-पोफळीच्या वाड्यांत लपलेलं वेळास लागतं. हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. मंडणगड तालुका तसा आडबाजूचा, पण इतिहासात त्याची दोन नावं मोठी आहेत. एक नानांचं वेळास आणि दुसरं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे. आता वेळासचं नाव कासवांमुळे जास्त घेतलं जातं. नानांना ते आवडलं असतं की नाही, सांगता येत नाही!

ज्या संस्थेने हे काम केलं ती मात्र वेळासची नव्हे. ती चिपळूणची, नाव सह्याद्री निसर्ग मित्र, स्थापना १९९२. भाऊ काटदरे आणि त्यांच्याबरोबरची मंडळी पक्षी बघायची, जंगल फिरायची, मुलांना निसर्गाची माहिती सांगायची. अशी मंडळं आपल्याकडे बऱ्याच गावांत निघतात. दोन-चार वर्षं रविवारच्या सहली होतात, एखादं प्रदर्शन भरतं, मग कुणाची बदली होते, कुणाचं लग्न होतं आणि मंडळ लेटरहेडपुरतं उरतं. चिपळूणकरांचं तसं झालं नाही, कारण त्यांनी बघण्याबरोबर मोजायला आणि लिहून ठेवायला सुरुवात केली. एखाद्या पक्ष्याची घरटी किती, कुठल्या गावात, कुठल्या झाडावर, याची नोंद. वेंगुर्ल्याजवळ समुद्रात खडकाळ बेटं आहेत. तिथल्या गुहेत पाकोळ्या आपल्या लाळेपासून घरटी बांधतात. ती परदेशात सूप करण्यासाठी चोरून विकली जात होती. तो चोरटा धंदा उजेडात आणण्यात याच संस्थेचा पुढाकार होता. एवढ्यावरून त्यांची जात कळते.

कासवांकडे ते आले ते समुद्र गरुडामुळे. पांढऱ्या पोटाचा हा मोठा पक्षी कोकण किनाऱ्यावर उंच झाडांवर घरटी करतो. त्याच्या घरट्यांचं सर्वेक्षण करत २००२ मध्ये ही मंडळी वेळासला पोहोचली, तर किनाऱ्यावर त्यांना अंड्यांची टरफलं दिसली. गावात विचारपूस केल्यावर कळलं की थंडीच्या दिवसांत रात्री समुद्रातून कासवं येतात, वाळूत अंडी घालून जातात आणि सकाळी ती अंडी माणसं काढून नेतात. माणसांनी सोडली तर कुत्री आणि कोल्हे उकरतात. ही कासवं ऑलिव्ह रिडले जातीची. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्येला ती लाखांनी येतात, ते आपण टीव्हीवर बघतो. कोकणात ती एकेकटी येतात. आज या किनाऱ्याला एक, परवा त्या किनाऱ्याला दोन. त्यामुळे बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ताच नव्हता.

गावाला मात्र होता. ऐंशीच्या दशकात मी तीन वर्षं दापोली तालुक्यात बँकेच्या शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जप्रकरणं घेऊन आम्ही मोटारसायकलवरून गावोगाव हिंडायचो. म्हैस जिवंत आहे का, शिवणयंत्र चालू आहे का, हे बघायला. तेव्हा एका बाजारात मासळीच्या टोपल्यांशेजारी टेबल टेनिसच्या चेंडूसारखी पांढरी अंडी विकायला बसलेली बाई मी पाहिलेली आहे. कशाची म्हणून विचारलं तर "कासवाची, सायेब," असं अगदी सरळ उत्तर. त्यात लपवाछपवी काही नव्हती. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या कासवांना वाघाइतकंच संरक्षण दिलेलं आहे, पण तो कायदा त्या बाजारापर्यंत पोहोचलेलाच नव्हता. अंडी ताकदीला चांगली असा समज होता आणि घरात चार पैसे येत होते. गंमत अशी की त्याच गावांतल्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असायचं. त्याला हात लावून, तो हात कपाळाला लावून मगच लोक देवाकडे जायचे.

आता इथे चिपळूणच्या मंडळींपुढे दोन रस्ते होते. वनखात्याकडे तक्रार करायची, धाडी घालायला लावायच्या आणि चार गरीब माणसांवर खटले भरायचे, हा एक. कायद्याने तो चूक नव्हता. पण वर्षाचे पाच महिने, रात्री-अपरात्री, काही मैल वाळूवर पोलीस कुठून आणणार? त्यांनी दुसरा रस्ता धरला. गावात बैठका घेतल्या, ग्रामपंचायतीला बरोबर घेतलं, शाळेत जाऊन मुलांना सांगितलं. आणि किनाऱ्यावर गस्त घालायला माणसं नेमली ती गावातलीच. अंडी कुठे सापडतात, हे ज्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं अशीच माणसं. वाळूवरचा कासवाचा माग ओळखणं, काठीने टोचून पोकळी कुठे लागते ते शोधणं, ही विद्या पुस्तकात नव्हती. ती ज्याच्याकडे होती त्यालाच राखणदार केलं. बँकेत आम्ही जामीनदार शोधताना हाच विचार करायचो. गावात ज्याला सगळं ठाऊक आहे, तोच आपल्या बाजूला असलेला बरा.

कामाची पद्धत सांगतो, कारण सहलीत हा भाग बघायचा राहून गेला होता. मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या पायांनी दीड फुटाच्या आसपास खोल सुरईच्या आकाराचा खड्डा करते आणि त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते. मग वाळू लोटून, अंगाने थोपटून खड्डा बुजवते आणि परत जाते. पिल्लांचं तोंड ती कधीच बघत नाही. राखणदार पहाटे चालत निघतो. ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसला की घरटं शोधतो. अंडी तशीच ठेवली तर धोका, म्हणून ती अलगद काढून कुंपण घातलेल्या जागेत, ज्याला सगळे हॅचरी म्हणतात तिथे, तितक्याच खोलीचा आणि तसाच खड्डा करून ठेवायची. हे काही तासांत उरकावं लागतं. अंडी हलवताना उलटीसुलटी करायची नाहीत, नाहीतर आतला जीव जातो. वर पाटी लावायची, त्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या. आमच्या मुदत ठेवीच्या पावतीची आठवण झाली मला ती पाटी बघून! ठेव कधीची, किती, मुदत कधी पुरी होणार.

मुदत पंचेचाळीस ते साठ दिवसांची. वाळू किती तापते त्यावर ती कमी-जास्त होते. त्याच उबेवर पिल्लू नर होणार की मादी, हेही ठरतं. ऊब जास्त तर माद्या जास्त. मुदत जवळ आली की घरट्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. पिल्लं वर आलेली असली की ती किनाऱ्यावर नेऊन पाण्यापासून थोडी दूर सोडायची. थेट पाण्यात टाकायची नाहीत, ती आपल्या पायांनी चालत गेली पाहिजेत. पहिल्या हंगामात वेळासला पन्नास घरटी राखली गेली आणि सुमारे २,७०० पिल्लं समुद्रात गेली. घरट्याला शंभर-सव्वाशे अंडी धरली तर निम्म्याच्या आसपास. आदल्या वर्षापर्यंत हा आकडा शून्याच्या जवळपास असणार.

पण राखणदारांना पगार द्यायचा कुठून? संस्था लोकवर्गणीवर आणि देणग्यांवर चालणारी. देणगीदार पहिल्या वर्षी देतो, दुसऱ्या वर्षी देतो, तिसऱ्या वर्षी "यंदा जमणार नाही" म्हणतो. आपल्या सोसायटीत देखभाल निधी गोळा करताना काय होतं ते खजिनदारांना विचारा, आणि तो तर आपल्याच घराचा आहे. तेव्हा २००६ च्या सुमारास कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं समुद्रात जाताना बघायला शहरातून लोकांना बोलवायचं. नाव महोत्सव असलं तरी त्यात मंडप नाही, ऑर्केस्ट्रा नाही, उद्घाटनाचा नारळसुद्धा नाही. सकाळी आणि संध्याकाळी टोपल्या उचलायच्या आणि दोरीमागे उभं राहून बघायचं. बाकी वेळ गावात.

माझ्या मते खरी हुशारी याच्या पुढची आहे. आलेल्या लोकांनी राहायचं कुठे? हॉटेल बांधायचं नाही, गावकऱ्यांच्या घरात राहायचं आणि घरचं जेवायचं. आम्ही गेलो तेव्हा ओटीवर गाद्या घातल्या होत्या, जेवायला आमटी-भात, सोलकढी आणि उकडीचे मोदक. आमच्यातल्या एकांनी संडास घराबाहेर आहे म्हणून कुरकुर केली, ती सोडा. सांगायचं ते हे की शहरातून आलेला पैसा एखाद्या मालकाच्या गल्ल्यात न जाता घरोघरी गेला. आणि तो बऱ्याच अंशी बायकांच्या हातात गेला, कारण स्वयंपाक आणि पाहुण्यांचं बघणं त्यांच्याकडे. चाकरमानी मुंबईला गेलेले, गावात म्हातारी माणसं आणि बायका, अशा घराला फेब्रुवारी-मार्चमध्ये चार पैसे मिळू लागले. अंड्यापेक्षा पिल्लू जास्त मोलाचं झालं. हे कुठल्या भाषणाने झालं नसतं.

तरीही ज्यांनी हे सुरू केलं त्यांच्या धीराचं मला जास्त कौतुक वाटतं, त्याचं कारण हिशेबाचं आहे. रिडले कासव वयात यायला साधारण पंधरा वर्षं लागतात. माद्या अंडी घालायला आपल्या जन्मकिनाऱ्याच्या परिसरात परततात असं मानतात. म्हणजे २००३ च्या उन्हाळ्यात सोडलेली पिल्लं, जगली असली तर, २०१८ च्या आसपास अंडी घालायला येणार. हजारात एखादं जगतं असं म्हणतात. तेव्हा पहिल्या हंगामाच्या सत्तावीसशे पिल्लांतून किती परतणार, दोन की तीन? आणि ती आपलीच, हे ओळखणार कसं? एवढ्याशा पिल्लाला खुणेची पट्टी लावता येत नाही. पंधरा वर्षांच्या मुदतीची, व्याज अनिश्चित आणि पावती नसलेली ठेव घेऊन कुणी माझ्या टेबलाशी आला असता तर मी त्याला खुर्चीसुद्धा दिली नसती. ही मंडळी दर सकाळी टोपल्या उचलत राहिली आणि वहीत आकडे लिहीत राहिली.

पुढे वेळासवरून हे काम शेजारी पसरलं. केळशी, आंजर्ले, गुहागर, रायगडात हरिहरेश्वर आणि दिवेआगर, खाली सिंधुदुर्गात वायंगणी. दहा-बारा वर्षांनी सह्याद्री निसर्ग मित्रने हळूहळू अंग काढून घेतलं आणि काम गावांकडे आणि वनखात्याकडे सोपवलं. वनखात्याचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये निघाला होता. पुढे त्याच्या प्रतिष्ठानाकडूनही या कामाला हातभार लागला. संस्थेने नंतर खवले मांजराच्या रक्षणाचं काम हाती घेतलं. यावर आमच्या सहलीत वाद झाला होता. एका मित्राचं म्हणणं, "इतकं नाव झाल्यावर सोडायचं कशाला? सरकारच्या हातात गेलं की बोंबच." त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. सरकारी काम म्हणजे अधिकारी बदलला की पाटी बदलते. पण मला वाटतं, चिपळूणची माणसं रोज पहाटे वेळासच्या वाळूवर चालणार नव्हती. चालणारी माणसं वेळासचीच होती आणि ती राहिली. आम्हाला तिथे हॅचरीची माहिती देणारा तरुण गावातलाच होता. लहानपणी तो याच टोपल्यांभोवती खेळलेला. त्याला कासवाचं शास्त्रीय नावही पाठ होतं आणि कुठल्या घरात मोदक चांगले मिळतील हेही.

काम टिकलं की नाही याची परीक्षा २०२० मध्ये झाली. मार्चमध्ये, ऐन हंगामात, टाळेबंदी लागली आणि पाहुणे बंद झाले. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ त्याच पट्ट्यावर येऊन आदळलं. मंडणगड-दापोलीच्या वाड्यांत नारळी-पोफळी शब्दशः आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा धरायला सहा-सात वर्षं जातात. घरांची कौलं उडाली, वीज कित्येक दिवस नव्हती. म्हणजे महोत्सवाचं उत्पन्न गेलं आणि बागेचंही गेलं. अशा वेळी पुन्हा अंडी विकावीत असं कुणाच्या मनात आलं असतं तर त्याला नावं कोण ठेवणार? पण पुढच्या हंगामात कासवं आली तेव्हा पहाटेची फेरी घालणारी माणसंही किनाऱ्यावर होती. बघायला कुणी नव्हतं, टाळ्या नव्हत्या, तरी टोपल्या उचलल्या गेल्या.

त्यानंतरच्या काही गोष्टी ऐकण्यासारख्या आहेत. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालून परत निघालेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवण्यात आलं. तिचं नाव ठेवलं प्रथमा. ती गुजरातच्या समुद्रापर्यंत गेल्याचं कळलं. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री तर कन्याकुमारीला वळसा घालून श्रीलंकेकडे गेली. आणि २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर पट्टी सापडली. ती ओडिशात गहिरमाथ्याला २०२१ मध्ये लावलेली होती! पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असं समजणाऱ्यांना त्या एका मादीने विचारात पाडलं. २०२३-२४ च्या हंगामात सगळ्या कोकणात मिळून अडीच हजारांच्या आसपास घरटी नोंदली गेली. वाढलेल्या आकड्यात वाढलेली गस्त किती आणि वाढलेली कासवं किती, हे वेगळं काढणं कठीण आहे, त्यामुळे मी लगेच पेढे वाटणार नाही. पण वह्या आहेत म्हणून निदान प्रश्न तरी विचारता येतो.

काळजीच्या गोष्टीही आहेत. उन्हाळे कडक होत चाललेत, वाळू जास्त तापली तर पिल्लं अंड्यातच मरतात आणि जगली तरी बहुतेक माद्याच निघतात. म्हणून काही ठिकाणी हॅचरीवर सावली करतात. समुद्रात ट्रॉलरच्या जाळ्यात सापडलेलं कासव श्वास घ्यायला वर येऊ शकत नाही आणि बुडून मरतं. यावर महाराष्ट्र सरकारने २०१८ च्या अखेरीस एक बरी योजना काढली. जाळं कापून कासव किंवा दुसरा संरक्षित जीव सोडणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जाळं महाग असतं, नुसत्या उपदेशाने ते कोण कापणार? आणि तिसरी गोष्ट आपल्याकडची, म्हणजे पर्यटकांची. किनाऱ्यावर रिसॉर्ट झाले की रात्री दिवे लागतात. पिल्लं उजेडाकडे चालतात, एरवी तो उजेड समुद्रावरचा असतो. दिवा मागे असला तर ती उलटी गावाकडे चालू लागतात. ज्या गर्दीने गावाला पैसा दिला तीच गर्दी उद्या किनारा बिघडवू शकते, हे वेळासच्या लोकांनाही दिसतंय आणि पाहुण्यांना किती मुभा द्यायची हा प्रश्न त्यांच्यापुढे दर हंगामाला असतो.

आपल्या गटाने येत्या मार्चमध्ये पुन्हा जायचं ठरवलं आहे. यंदा नातवंडांना घेऊन. पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव, म्हसळा करत बागमांडल्याला जायचं, तिथून गाडीसकट फेरीबोटीने पलीकडे वेसवीला आणि मग बाणकोटवरून वेळास. फेरीबोट चुकली तर खोळंबा होतो, म्हणून पहाटे पाचलाच गेटवर जमायचं आहे. राहण्याचं गावात आधी कळवावं लागतं. पिल्लं दिसतीलच अशी हमी कुणी देत नाही, दोन दिवस राहिलात तर शक्यता बरी. किनाऱ्यावर फ्लॅश मारायचा नाही, पिल्लाला हात लावायचा नाही, दोरीच्या पुढे जायचं नाही, हे मुलांना घरूनच सांगून आणावं. पंचवीस जागा आहेत, त्यातल्या अकरा भरल्या. नावं माझ्याकडे किंवा ऑफिसातल्या वहीत द्यावीत.